तळहातावरची जाळी

भूतबाधा, करणी, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मला शिकवायला कोणी येऊ नका. माझी शाळा चौथीपर्यंत. पण डोळे चांगले होते तोवर जे पाहिलं ते नीट पाहिलं. अंगात आलेल्या बाया पाहिल्या, दोन थपडा बसल्या की ते उतरतानाही पाहिलं. मसणाच्या वाटेनं पहाटे एकटी शेतावर जायची मी. एकदा साप भेटला. दुसरं कोणी भेटलं नाही.

तरी एक गोष्ट आहे जिचा मला आजपर्यंत पत्ता लागला नाही...

मागच्या महिन्यात आमच्या गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरी चिमणी साफ करायला मेकॅनिक आला होता. मी माझ्या लेकीच्या मुलाकडे राहते. नातसुनेनं गॅसच्या शेगडीवर ती विजेची चिमणी बसवली आहे. मेकॅनिकनं आतलं फिल्टर काढलं. तारेची जाळी, तेलानं आणि काजळीनं बुजलेली. मी जवळच खुर्चीवर होते, तर म्हणाला, "दादी, जरा पकडना." मी दोन्ही हात मागे घेतले.

नातसून हसली. "आजी, गरम नाही हो. बंद करून तास झाला."

म्हटलं, माहीत आहे गरम नाही. ती पण गरम नव्हती.

मग तिनं खोदून खोदून विचारलं आणि म्हणाली, वहीत लिहून द्या, मी इथं नेटवर टाकते. म्हणून लिहिते.

गाव दवनीवाडा. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. साल त्रेपन्न किंवा चोपन्न. दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे मारबतीचा, पिडा जावी म्हणून तिचा पुतळा गावाबाहेर नेऊन टाकतात तो. वेळ सकाळची, ऊन गोठ्याच्या कवेलूच्या छपरावर आलं होतं. मी अठरा वर्षांची होते आणि मला चौथा महिना चालू होता.

माझा नवरा शिवराम. मी त्याला नावानंच लिहीन. मेला आहे, आता कसली लाज. मी त्याची दुसरी बायको. पहिली गिरजा. ती पडून मेली असं मला लग्नाआधी सांगितलं होतं. दुसरीला पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालावा लागतो, तो मी घालत होते. मानत नव्हते, पण घालत होते. सासरी सगळंच मनासारखं थोडंच असतं.

गिरजाचा बाप गोंदियाच्या एका धानाच्या मिलमध्ये फिटर होता. आमची रांधणखोली गवतानं छावलेली. चुलीची ठिणगी वर उडाली की छप्पर पेटायची भीती. शिवाय गिरजाला धुरानं खोकला लागायचा. म्हणून त्या बापानं टिनाचं धुराडं करून दिलं. उलट्या टोपलीसारखं चुलीवर टांगलेलं, नळी भिंतीतून बाहेर. आत तारेची जाळी, लोखंडी चौकटीत, आकड्यांवर अडकवलेली. ठिणग्या तिथंच मरत. लोकांनी लेकीला आंदणात भांडी दिली, ह्यानं धुराडं दिलं. जाळी त्यानं हातानं विणली होती म्हणतात. चौकोन नखाएवढे, सगळे सारखे. फक्त एका कोपऱ्यात चार बोटं जागा तुटलेली होती. तिथं कोणीतरी तांब्याच्या तारेनं वेडंवाकडं शिवलं होतं, गोधडीला ठिगळ लावावं तसं. मला वाटलं गंजून तुटली असेल. मी विचारलं नाही.

शिवराम दारू पीत नसे. लोकांना वाटतं मारणारा माणूस पिऊन मारतो. हा शुद्धीत मारायचा. बैलांना त्यानं कधी पराणी टोचली नाही. मला तिच्या दांड्यानं मारायचा. एकदा मीठ जास्त झालं म्हणून ताटली तोंडावर मारली, तेव्हा पुढचा दात गेला. आदल्या वर्षी धानाची रोवणी चालू असताना मी शेतावर भाकर उशिरा नेली. बांधावरच पोटात लाथ घातली. पाचवा महिना होता. ते मूल तिथंच चिखलात गेलं. रोवणाऱ्या बायांनी मला लुगड्यांचा आडोसा केला. तो बांधावर बसून जेवत होता.

म्हणून ह्या खेपेला मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला ते मूल जगवायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं... देव नाही, धर्म नाही, नवरा सुधारेल हीसुद्धा आशा नाही. एवढं एक मूल.

आता काजळीचं ऐका, कारण सगळं तिच्यावरूनच झालं.

आमच्या घरची रीत अशी की मारबतीच्या सकाळी चूल पेटवायची नाही. धुराडं उतरवायचं, जाळीवरची वर्षाची काजळी खरवडायची, फुटक्या सुपात भरून दाराबाहेर ठेवायची. मारबत नेणारे लोक ती उचलून शिवेबाहेर टाकत. घरातला सगळा वाईटपणा तिच्यासोबत जातो म्हणे. पण हीच काजळी जवसाच्या तेलात कालवली की बैलगाडीच्या आसाला वंगण होतं. पोळ्यानंतर चाकं उतरवून वंगण भरलं की धानकापणीपर्यंत पाहायला नको.

पोळ्याच्या दिवशी बैल धुता धुता शिवराम म्हणाला, "उद्या काजळी उतरवशीन तं मडक्यात भरून ठेव. वंगण करतो. चिमूटभर बाहेर जाऊ देऊ नोको."

सासू गोठ्याच्या दारात उभी होती, तिनं ऐकलं. तो गेल्यावर माझ्याजवळ आली. तिला मी माय म्हणायची.

"ते काजळी घरात नाही ठेवाची, पोरी. मारबतीसंगं गेली पायजे."

"आन ते मले विचारतीन तं?"

"मी पायतो त्याचं. तुया पोटात हाय ना?"

 म्हातारीनं माझ्या चालण्यावरून ओळखलं होतं.

"मंग तं बाहेरच टाक," ती म्हणाली आणि शेणाची टोपली उचलून गेली.

मी रीत म्हणून तिचं ऐकलं असं समजू नका. म्हातारी आपल्या बाजूला राहिली तर बाळंतपण निभेल, एवढा माझा हिशेब होता. तो हिशेब करताना शिवरामच्या वंगणाचं काय ते मी तिच्यावर सोडलं. चूक म्हणाल तर ती माझी.

सकाळी तो बैल घेऊन नाल्यावर गेला तसं मी धुराडं उतरवलं. आदल्या रात्रीपासून चूल बंद. जाळी अंगणात घेऊन बसले. जुन्या विळ्यानं काजळी खरवडली. वरची सुकी होती ती भुरभुर पडली, खालची तेलकट, गुळाच्या काकवीसारखी. ती निघता निघत नाही, कोपऱ्यातल्या तांब्याच्या तारेत तर फारच अडकलेली. सगळी सुपात भरली, सूप दाराबाहेर ठेवलं. ढोल वाजवत लोक आले, "खोकला-पडसा, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत" असं ओरडत सूप घेऊन गेले. मग मी जाळी घमेल्यात बुडवली. धानाच्या तुसाची राख, रिठे आणि विहिरीचं पाणी. अर्धा तास घासत होते. पाणी इतकं गार की वरचं तेल थिजून त्याची साय धरली होती. हे लक्षात ठेवा.

शिवराम आला. मडकं पाहिलं, रिकामं.

"काजळी कोठी हाय?"

"मारबतीत गेली."

"कोणाले विचारून?"

"माय म्हणाली."

"माय म्हणाली? घर कोणाचं हाय वो? मायचं का माह्यं?"

मी जाळी हातात धरून उभी राहिले. त्यानं पहिली लाथ घातली ती मी वळले म्हणून कमरेवर बसली. मी भिंतीला आपटले. जाळी सोडली नाही, कारण तिच्याशिवाय पोटापुढे धरायला काही नव्हतं.

त्यानं ते पाहिलं. मी पोट झाकते आहे हे त्याला कळलं. हसला.

"पोटात हाय म्हणून माजली का? आँ? मांगच्यावाणी हेही पाडतो, थांब."

असं म्हणून त्यानं माझ्या हातातली जाळी दोन्ही हातांनी पकडली. त्याला ती हिसकून मला मारायची होती. चौकटीच्या एका बाजूला माझे हात, दुसऱ्या बाजूला त्याचे. जाळीतून पाणी गळत होतं, माझ्या कोपरावरून खाली जात होतं. गार पाणी.

आणि चर्र आवाज झाला.

तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडला की येतो तसा. पहिल्यांदा मला वाटलं मागे कुठे काही सांडलं. मग वास आला. आजारी बैलाला डागतात तेव्हा येतो त्या जातीचा, पण त्याहून घाण. शिवरामचं तोंड उघडं, आवाज नाही. मग आवाज आला. असा की नाल्यावरचे बगळे उडाले.

मी जाळी सोडली. त्याला सोडता येईना. तो हात झटकत होता, जाळी दोन्ही तळव्यांना चिकटून त्याच्यासोबत हलत होती. तो अंगणात गोल फिरला, तुळशीच्या ओट्यावर आदळला, गुडघ्यावर पडला. मी घमेल्यातलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं. वाफ निघाली नाही. जळणाऱ्या हातावर पाणी पडतं आणि वाफ निघत नाही... हे मी स्वतः पाहिलं. पाणी ओतताना माझी बोटं जाळीला लागली. ती गारच होती.

शेवटी त्यानं पायानं चौकट दाबून हात ओढले. कातडी जाळीला राहिली. उजव्या हाताची जास्त राहिली, तांब्याच्या तारेत अडकून.

मला दया आली नाही. खोटं कशाला लिहू.

मारबत टाकून परतणारे लोक ओरडणं ऐकून आमच्या अंगणात शिरले. पन्नास तरी असतील. हातात काठ्या, पळसाच्या फांद्या, गळ्यात ढोल. शिवराम मातीत लोळत म्हणत होता, "इनं जाळलं! इनं तापवून हातात देल्ली!"

त्याचा चुलतभाऊ पुढे आला. माझे केस धरून मला लोकांपुढे ओढलं.

"टोनही हाय हे! पहिली गेली, आता ह्याले खाऊन राहिली!"

मागून कोणीतरी ओरडलं, "मारबत तं घरातच रायली, बाप्पा! इले पण सीवेवर नेऊन टाका!"

लोक हसले. मारबतीचे दिवस असेच असतात, हसता हसता काहीही होतं. एक ढेकूळ कपाळावर बसलं, रक्त डोळ्यात आलं. दुसरं पाठीवर. मी दोन्ही हात पोटावर घेऊन वाकले. टोनही, म्हणजे चेटकीण म्हटलेल्या बाईचं काय करतात ते मी दुसऱ्या गावी पाहिलेलं होतं. ती मूल घेऊन परत येत नाही.

गावचे पाटील वयस्क होते, गर्दीतून वाट काढत आले. "थांबा रे. आधी पाहू तं द्या." रांधणखोलीत गेले. त्यांच्यामागे दोघं-तिघं गेले. पाटलांनी चुलीत मनगटापर्यंत हात घातला, मूठभर राख बाहेर आणली आणि दारात सगळ्यांना दाखवत चोळली.

"थंड हाय. रातचीच हाय."

मग अंगणात येऊन त्यांनी जाळी उचलली. एका बोटानं आधी, मग पूर्ण हातानं. "हेही थंड हाय." माझे हात उलटे करून पाहिले. काळे होते, पण फोड एक नाही.

"मंग जादूच झाली ना!" चुलतभाऊ म्हणाला. "चुलीबिगर तापवली!"

तो पुन्हा माझ्या केसांना हात घालणार, तेवढ्यात माय बोलली. ती कधीपासून गोठ्याच्या दारात उभी होती कोण जाणे. शेणाचे हात तसेच.

"सोड तिले. ह्याच जाळीनं ह्यानं गिरजाले मारलं होतं."

मागचे लोक पुढे सरकले.

"पडून नाही मेली ते. म्या डोळ्यानं पायलो. जाळी धुताना काहीतरी बोलली म्हणून उचलून डोस्क्यात घातली. तो कोपरा तिच्या डोस्क्यावर तुटला. मंग ह्यानंच तांब्याच्या तारेनं शिवला, आन मले म्हणाला, बोलशीन तं तुले पण." ती लेकाकडे पाहत होती. "इच्या हातात थंडच होती. तुह्याच हातात तापली. आता लोकायले काय सांगतं, सांग."

शिवरामनं तोंड मातीकडे वळवलं. पाटलांनी जाळी तुळशीच्या ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "जा सगळे आपापल्या घरी. ह्या बाईले कोणी हात लावाचा नाही." चुलतभाऊ मागे सरला. गिरजासाठी कोणी चौकशीला आलं नाही, कोणी कुठे कळवलं नाही. तिच्या बापाला कोणी सांगितलं का, मला माहीत नाही. गाव होतं ते, कोर्ट नव्हतं.

शिवरामला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. चाकांना वंगण नव्हतं, गाडी रस्ताभर कोकलत गेली. कंपाउंडर म्हणाला, लालभडक लोखंडानं भाजलं आहे हे, पण इतका वेळ कोणी धरून ठेवत नाही, माणूस लगेच सोडतो. कसं झालं? चुलतभाऊ म्हणाला, चुलीत पडला.

माघात मला मुलगी झाली. तिचं नाव लिहीत नाही, तिच्या माणसांना आवडणार नाही. शिवरामच्या हातांची कातडी आखडली, मूठ वळेना. पाय मात्र चांगले होते. मुलगी दोन महिन्यांची असताना एकदा तो माझ्या अंगावर आला. मी आकड्यावरची जाळी काढली आणि मांडीवर घेऊन बसले. तो उंबरठ्यावरच बसला. त्यानंतर आमच्या घरात मारणं झालं नाही. शिव्या झाल्या. शिव्यांनी कोणाचं मूल पडत नाही.

माझा नातू शिकलेला आहे. तो म्हणतो, आजी, राखेच्या पाण्यात खार असतो, त्यानं हात भाजतात. म्हटलं, त्या पाण्यात अर्धा तास माझे हात होते. आणि खारानं चर्र आवाज होतो का? मग तो मोबाईल पाहायला लागला.

बाकीचे म्हणतात, गिरजा आली. तेही मला पटत नाही. तिचा टाक त्या वेळी माझ्या गळ्यात होता, छातीला लागून. तो थंडगार होता, हलला नाही. आणि तिला असं काही करता येत असतं तर तिनं स्वतःसाठी केलं नसतं का?

एवढंच असतं तरी मी म्हटलं असतं, असेल काहीतरी, मला कळत नाही. पण पुढे एक झालं. मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची होती. हिवाळ्यात शिवरामचे तळवे फाटायचे. जवसाचं तेल लावून द्यावं लागे, ते मी लावायची. एका दुपारी उन्हात बसून उजव्या हाताला तेल चोळत होते. तेलानं चौकोनांचे वण चांगले दिसत होते. सरळ, सारखे, अंगठ्याच्या मुळापर्यंत. एकही वाकडा नाही.

मी थांबले. उजवा हात तांब्याच्या ठिगळावर होता. त्याची कातडी मी स्वतः त्या तारेतून विळ्यानं काढली होती. मग त्या हातावर वेडेवाकडे टाके उमटायला हवे होते.

मी उठून जाळी आणली. ठिगळाचा कोपरा त्याच्या तळव्याशेजारी धरला. तो मागे सरकला नाही, ह्याचंच मला नवल वाटलं. जाळीवर ठिगळ होतं. हातावर अखंड जाळी होती, गिरजाच्या बापानं विणली तशी.

"तुटाच्या आधीची हाय," शिवराम म्हणाला. "मले तं पट्टी सोडली त्याच दिवशी दिसलं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"कोणाले बोलू?"

मी उरलेलं तेल त्याच्या दुसऱ्या हाताला लावलं आणि जाळी आत नेऊन टांगली. तो मेला तोवर आम्ही त्यावर परत बोललो नाही.

थंड लोखंड एकाला कसं भाजतं आणि दुसरीला कसं नाही, तुटलेल्या जाळीचा ठसा अखंड कसा उमटतो... माझ्याकडे उत्तर नाही. कोणाकडे असेल तर लिहा. खार सोडून काही असेल तर.

जाळी मी भंगारात दिली नाही. कुडव्याच्या घरी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आहे. गेल्या वर्षी एकदा नातू चिडून नातसुनेच्या अंगावर धावून गेला. मारलं नाही, पण हात उगारला. मी सोप्यात बसून पाहत होते. म्हटलं, बाबू, जरा वर जा, टाकीमागची जाळी आण.

तो घेऊन आला. दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"गरम लागते का रे?"

"नाही आजी. थंड आहे. काऊन?"

"काही नाही," म्हटलं. "ठेव परत."